मागचं पायडल

लातुरात मे महिना उजाडला की सायकली मातीमोल होतात. सीईटी आटोपते, दोन-दोन वर्षं खोल्या करून राहिलेली पोरं गाद्या गुंडाळून नायगाव, मुखेड, जळकोटच्या एसट्या धरतात, आणि सायकल टपावर चढवून न्यायची कुणाची तयारी नसते. ज्याला मेडिकल लागणार त्याला घरून मोटारसायकल मिळणार असते, आणि ज्याला लागणार नाही त्याला ती सायकल पुन्हा डोळ्यांसमोर नको असते. मग सगळ्या सायकली ट्युशन एरियातल्या ताहेरभाईच्या दुकानापुढे येऊन पडतात.

एका मे महिन्यात फिजिक्सवाले उद्धव सर त्या राशीपुढे उभे राहिले. शिकवण्या घेऊन घेऊन सरांना प्रत्येक गोष्ट बॅचमध्ये करायची सवय जडली होती, सकाळचं फिरणंही त्यांना एकट्यानं जमेना. त्यांनी विचारलं, “ताहेरभाई, दोन सायकलींची एक होईल का? पुढं एक, मागं एक, दोघांनी पायडल मारायचं?”

ताहेरभाई म्हणाला, “हुईल की. मान्सांचं हुतंय, सायकलींचं न्हाई व्हनार?”

झाली. पहिली जोडसायकल रस्त्यावर आली तेव्हा तिच्यामागे उंटामागे लागतात तशी पोरं लागली. वर्षभरात सहा झाल्या आणि उद्धव सरांनी ‘जोडसायकल मंडळ’ काढून स्वतःला अध्यक्ष करून घेतलं. गावानं मात्र मंडळाचं नाव आपल्या सोयीनं ठेवलं: डबलसीट क्लब. आता मराठवाड्यात डबलसीट म्हणजे काय ते सांगायला नको. एक जण घाम गाळतो, दुसरा मागं बसून वारा खातो. मंडळातले अकरा जण हे नाव हसण्यावारी न्यायचे. बारावी सभासद होती एक बाई, तिला ते काट्यासारखं टोचायचं, आणि ही गोष्ट तिचीच आहे.

चंद्रप्रभा एका शाळेत सायन्स शिकवायची. भूकंप झाला तेव्हा तिची बदली किल्लारीकडच्या एका खेड्यात होती. नवरा आणि आठ वर्षांची मालविका लातुरात, ही गावात भाड्याच्या खोलीत. पहाटे भिंत आली ती तिच्या डाव्या पायावर. गावकऱ्यांनी हातांनी दगड उपसून तिला बाहेर काढलं आणि दाराच्या फळीवर घालून रस्त्यापर्यंत नेलं. पाय वाचला, पण काडीसारखा झाला आणि दोन बोटं आखूड पडला. तिच्या वर्गातल्या काही मुली त्या पहाटे गेल्या. त्यांच्याविषयी ती बोलत नसे, आणि तिचा चेहरा पाहून कुणी विचारतही नसे.

तेव्हापासून अकरा वर्षं तिनं जर कुठला शब्द सगळ्यांत जास्त ऐकला असेल तर तो म्हणजे ‘बसा’. हेडमास्तर म्हणायचे, “मॅडम, फळ्यापर्यंत कशाला? बसून शिकवा.” लग्नाकार्यात बाया म्हणायच्या, “तुमी बसा, ताट हितंच आणून देतो.” जिल्हा परिषदेत नोकरीला असलेला नवरा घरी आला की म्हणायचा, “तू बस, मी चहा टाकतो,” आणि त्या चहाला चहा म्हणायला मोठं मन लागायचं. गल्लीत कुणाकडे पंगत असली की तिला पहिल्या ओळीत बसवत. वाढायला म्हणून तिच्या हाती कुणी कधी भांडं दिलं नाही. माणसं वाईट असती तर बरं झालं असतं. वाईट माणसाशी भांडता येतं, पण पाट पुढं सरकवणाऱ्याशी भांडायचं तरी काय?

मालविकाला नांदेडला मेडिकल लागलं त्या वर्षी चंद्रप्रभा पोरीची सायकल विकायला ताहेरभाईच्या दुकानात गेली. दुकानाला लागूनच त्याच्या बायकोची, बानोची मेस होती. चाळीस पोरं दोन्ही वेळा तिच्या हातची खट्टी दाल ओरपत. हात सढळ, आवाज त्याहून सढळ. पोरगं तोंडानं ‘बस’ म्हणेपर्यंत ती वाढत राहायची, आणि लाजरं पोरगं असलं की बिचाऱ्याच्या ताटाचं तळं व्हायचं. तिनं कढईवरून मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, “इकता कशाला, म्याडम? चालवा की.”

“भाभी, माझा पाय बघितला का?” चंद्रप्रभानं विचारलं.

“बघितला. दुसरा बी बघितला. त्यो कुठं मोडलाय?”

चंद्रप्रभा उभ्या जागी थबकली. अकरा वर्षांत तिच्या उजव्या पायाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. डॉक्टरांनी नाही, नवऱ्यानं नाही, खरं सांगायचं तर तिनंही नाही.

ताहेरभाईनं मालविकाची लेडीज सायकल मागं आणि नायगावच्या कुण्या मुनीबची काळी सायकल पुढं अशी जोडली. मडगार्डवर मुनीबचं नाव रंगवलेलं होतं, ते तसंच ठेवलं. मालविकाच्या भागावर क्लासचं स्टिकर होतं, तेही राहू दिलं. मागच्या डाव्या पायडलावर दोन बोटं जाडीचा लाकडी ठोकळा ठोकला, म्हणजे आखूड पाय पुरला. मागच्या चाकाला मोठं चक्र बसवलं, म्हणजे गोगलगायीच्या चालीनं का होईना, गाडी चढावर सरकेल. दोन्ही पायडलांना एक चेन होती. एकीचा पाय फिरला की दुसरीचा आपसूक फिरायचा. पुढं बानो, मागं चंद्रप्रभा. पहिल्या दिवशी दोघी एकदाच पडल्या, आणि पडल्या त्या हसत.

उद्धव सर अध्यक्ष असल्यामुळे नियम आलेच. चढावर पायडलवर उभं राहायचं असेल तर पुढच्यानं म्हणायचं ‘ऊठ’. सीटवर टेकायचं असेल तर ‘बस’. पाय थांबवायचे तर ‘सोड’, आणि उतरायचं तर ‘टेक’. शिवाय सायकलवर अहो-जाहो बंद. सर म्हणायचे, “‘उठा मॅडम’ म्हणेपर्यंत चढ संपतो.” त्यामुळे जमिनीवर ‘म्याडम’ आणि ‘भाभी’ असलेल्या या दोघी सायकलवर चढल्या की एकमेकींना अरे-तुरे करत, आणि उतरल्या की पुन्हा तुम्ही. चंद्रप्रभाला ते फार आवडायचं. मुद्दाम कुणी ‘तू’ म्हणावं अशी तिची इच्छा आहे, हे तिला या वयात नव्यानंच कळलं.

सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात प्रजासत्ताक दिनाची फेरी निघाली आणि दोन दिवसांनी एका पेपरात दोघींचा फोटो आला. खाली छापलं होतं: ‘अधू शिक्षिकेला जोडसायकलवर बसवून घडवली शहराची सैर.’ नवऱ्यानं कौतुकानं ते कात्रण टेबलाच्या काचेखाली ठेवलं. चंद्रप्रभानं त्यावर पंचांग ठेवलं.

‘बसवून’ हा शब्द तिच्या डोक्यातून जाईना. सामान बसवतात, गणपती बसवतात. पायडल काय वाऱ्यानं फिरत होतं? ती बानोकडे तणतणली तर बानो हसली. “पेपरवाल्यांचं काय मनावर घेऊन राहिल्या, म्याडम? उचलली जीभ, लावली टाळ्याला.”

पण राग ओसरल्यावर जे उरलं ते रागाहून वाईट होतं. शाळेतल्या पोरांचे पेपर तपासता तपासता तिच्या मनात आलं की तो छापणारा खोटं तरी कुठं बोलला? चेन एकच. बानोचा पाय दणकट, चाळीस पोरांचं पीठ मळणारी बाई ती. कदाचित बानोच ओढत असेल आणि आपले पाय तिच्या जिवावर नुसते गोल फिरत असतील. बघणाऱ्याला तर सोडाच, मागं बसणारीलाही हे सांगता येत नाही. सपाटीवर कुणीही सायकलस्वार असतो. कळायचं ते चढावर कळेल, असं तिनं ठरवलं. बानो कितीही दणकट असली तरी एकटीनं दोघींना घाट चढवणं तिच्याच्यानं व्हायचं नाही. पाय न टेकता वर पोचलो तर आपण ओढलं. मध्येच टेकला तर आपण डबलसीट, आणि मग सायकलही बंद.

मे महिन्यात उद्धव सरांनी सहल काढली. जळकोटच्या अलीकडं डोंगरपट्टी आहे, तिथला एक चढ सरांनी हेरला होता. दोन लांब वळणं, मग एक आखूड तिसरं, आणि माथ्यावर आमराई. सायकली टेम्पोनं पायथ्यापर्यंत न्यायच्या, चढ चढायचा, वर जेवायचं. नांदेडहून विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले दोन मास्तर आपली नवीकोरी जोडसायकल घेऊन येणार होते, त्यामुळे सरांच्या अंगात संचारलं होतं. “नांदेडकरांपुढं लातूरची इज्जत आहे,” ते प्रत्येकाला सांगत होते. “पाय टेकायचा नाही. टेकला की संपलं.”

ऊन तापायच्या आत सगळे पायथ्याशी पोचले. डोंगर उघडाबोडका होता. सीताफळीची वाळकी झुडपं, कोरडा ओढा आणि तापायला सुरुवात झालेला डांबरी रस्ता. टेम्पोत पातेली, भाकऱ्यांची टोपली, आंब्यांची पेटी आणि या सगळ्यांमध्ये सुट्टीवर आलेली मालविका. तिनं मान बाहेर काढली.

“आई, तू टेम्पोत बस ना. ऊन लई हाय. वर गेल्यावर फोटोपुरती सायकलवर बस.”

पोरगी मायेनंच बोलली. फोटोपुरती! चंद्रप्रभाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण चारचौघांत लेकीला काय बोलायचं? ती इतकंच म्हणाली, “तू हो पुढं. भाकऱ्या सांडू नको.”

उद्धव सर जवळून जाता जाता हसले. “काय, डबलसीट मंडळी तयार का?” आणि पुढच्या सीटवर चढले. मागं ताहेरभाई. सरांच्या मागं बसायचं म्हणजे पाठीकडून व्याख्यान ऐकायचं. ताहेरभाई बिचारा दोन वर्षं गुरुत्वाकर्षणावर फुकट शिकवणी ऐकत होता.

पहिल्या वळणावर चार जोड्या गळाल्या. मंडळाचा शब्दच होता, हरलेल्यानं हात टेकावेत आणि सायकलवाल्यानं पाय. दुसऱ्या वळणावर खुद्द अध्यक्ष रस्त्याच्या कडेला उभे दिसले. कंबरेवर हात ठेवून ते दरीकडे बोट दाखवत होते. “देखावा बघायला थांबलोय,” ते म्हणाले. मागं ताहेरभाई सायकल धरून उभा होता, आणि त्याच्या तोंडावर देखाव्याचं काहीच दिसत नव्हतं. नांदेडची जोडी तेवढी पुढं निघून गेली होती.

चंद्रप्रभाला यातलं काही दिसलं नाही. तिला दिसत होती ती बानोची पाठ. निळ्या कुडत्यावर घामाचा नकाशा पसरत होता. “ऊठ,” बानो म्हणाली की ती ठोकळ्यावर डावा पाय रोवून उभी राही, उजव्यानं दाबी. “बस,” म्हणाली की टेके. ऊठ, बस. ऊठ, बस. शाळेत तिनं पोरांना इतक्या उठाबशा कधी काढायला लावल्या नसतील. दोन वळणं गेली. पाय टेकला नव्हता. तिसरं वळण दिसायला लागलं आणि त्याच्या डोक्यावर आंब्याची गर्द हिरवी टोकं दिसली.

“ऊठ,” बानोनं सांगितलं. दोघी उठल्या. वळणाच्या तोंडाशी रस्ता असा उभा झाला की पायडल खाली जायला मागेना. अंगाचं सगळं ओझं चंद्रप्रभानं उजव्या पायावर टाकलं. आपण उभ्या आहोत, उभ्यानं चढतो आहोत, ही गोष्ट तिला त्या धापेतही कळत होती आणि तिचा ऊर भरून येत होता.

तेवढ्यात पुढून आवाज आला, “बस.”

इथं? या चढाला? इथं तर उभंच राहायला हवं. पण हुकूम पुढचीचा. ती टेकली.

“बस,” बानो पुन्हा म्हणाली. आवाज फाटलेला. “बस, बस.”

बसलेय की! चंद्रप्रभाच्या मनात जाळ झाला. तोंडानं बोलायला श्वास नव्हता, नाहीतर घाटात ऐकू गेलं असतं. हेडमास्तर, बाया, नवरा, पोटची पोरगी, आणि आता बानोही. जिनं दुसरा पाय पाहिला तीही शेवटी बस म्हणाली, आणि तेही तीन-तीनदा. बरं. बसते. बसून दाखवते. तिनं दात आवळले, हँडल मुठीत धरलं आणि पायडल दाबलं.

ते दगडासारखं जड झालं होतं. एवढं जड ते पूर्वी कधीच नव्हतं. तिला वाटलं, झालं, आपलं बळ संपलं. आता जी काय ओढतेय ती बानो. या विचारानं तिला रडू आलं आणि रडण्यापेक्षा जास्त चीड आली. उजवा पाय. ठोकळा. उजवा पाय. ठोकळा. हँडल डुगडुगत होतं, पुढचं चाक सापासारखं इकडून तिकडे जात होतं, पण थांबत नव्हतं. डोळ्यांत घाम उतरला, म्हणून तिनं डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाचं काही ऐकायचं नाही असं ठरवलं, आणि गंमत म्हणजे हुकूम पाळत असतानाच ठरवलं.

अचानक पायाखालचं ओझं हलकं झालं, सायकल सैल सुटली. तिनं डोळे उघडले. वर सावली होती. आंब्याची.

“टेक,” बानो कशीबशी म्हणाली, आणि सायकल थांबताच खाली पाचोळ्यात आडवी झाली.

टाळ्या वाजल्या. नांदेडचे मास्तर धावत आले. लातूरच्या सहा जोड्यांपैकी पाय न टेकता आलेली ही एकटीच जोडी. थोड्या वेळानं सायकल ढकलत उद्धव सर वर पोचले आणि त्यांनीही मोकळ्या मनानं दाद दिली. माणूस कद्रू नव्हता, जीभ तेवढी सैल होती. “वा, बानोभाभी, वा! मॅडमना घेऊन आलात की वर!”

घेऊन आलात. चंद्रप्रभा पाण्याच्या टाकीकडे गेली आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली. तिला जे कळायचं होतं ते कळलं होतं असं तिला वाटलं. शेवटच्या वळणावर आपलं बळ संपलं आणि बानोनं वर आणलं. कात्रणावरचं पंचांग आता काढायला हरकत नव्हती.

ती परतली तेव्हा सतरंज्या अंथरल्या होत्या. बानो झाडाला टेकून बसली होती आणि मालविका तिची उजवी पोटरी दाबत होती. बानो कळवळत होती आणि त्याहून जास्त चिडलेली दिसत होती. चंद्रप्रभाला पाहताच ती कडाडली, “काय म्याडम, कान घरी ठिवून आल्या का? म्या बस बस म्हनून राहिले, तुमी आयकूनच घेत न्हाई!”

चंद्रप्रभाचाही तोल गेला. “बसले नव्हते का मी? पहिल्यांदा म्हणालात तेव्हाच बसले!”

“बसल्या?” बानोचं तोंड उघडंच राहिलं. “अल्ला! बसायला कोन म्हनलं? म्या म्हनलं बस! पुरे! पायात गोळा आला माझ्या, म्हनून म्हनलं बस करा, थांबा!”

“मग ‘सोड’ म्हणायचं! सरांनी शब्द कशाला ठरवून दिलेत?”

“जीव चालला तवा सरांचा शब्द आठवतोय का? घरचाच आठवतोय.”

नांदेडचे मास्तर असे काही हसायला लागले की त्यांच्यातल्या एकाला ठसका लागला. चंद्रप्रभाच्या घरी पुरे झालं की ‘बास’ म्हणत, बानोच्या घरी ‘बस’. एका कान्याचा काय तो फरक. चंद्रप्रभालाही हसू फुटलं. रुसवा धरून ठेवायचा तिनं प्रयत्न केला, पण तो हातातून निसटला.

हसला नाही तो ताहेरभाई. तो सायकलीकडे पाहत होता. चेनवरून त्याची नजर मागच्या पायडलापर्यंत गेली. “पन एक सांग,” तो बायकोला म्हणाला, “पायात गोळा आला, तर तू पायडल मारलं कसं?”

“कुठं मारलं? पाय सोडून दिले म्या. ते आपोआप फिरून राहिले. उतरावं तर ह्या थांबंनात, म्हनून हँडल धरून अल्ला अल्ला करत बसले.”

“कुठपासून?”

“वळनाच्या तोंडापासून.”

“मग तिथून वर ओढली कोन?”

उत्तर सगळ्यांच्या समोर ओल्या तोंडानं उभं होतं. मालविकानं बानोच्या पोटरीवरचा हात काढला. ती पोटरी अजून लाकडासारखी ताठ होती, आणि हे तिला हातानंच कळलं होतं. “मावशी, या पायानं तुम्हाला उभंसुद्धा राहता आलं नसतं,” ती म्हणाली आणि मान वर करून आईकडे पाहू लागली. आधी तिनं डावा पाय पाहिला, सवयीनं. मग उजवा. बराच वेळ ती उजव्या पायाकडे पाहत राहिली.

चंद्रप्रभाला ते जड पायडल आठवलं. दगडासारखं जड. ते बळ संपलं म्हणून नव्हे. त्यात बानो होती. धडधाकट, चाळीस पोरांचं पीठ मळणारी बानो तिनं एकटीनं वळणभर वाहून वर आणली होती, आणि तेही बसून. बारा वर्षं ती लोकांच्या हातांवर वाहिली गेली होती, फळीवरून, खुर्चीवरून, माणसांच्या मायेवरून. आज पहिल्यांदा तिनं कुणाला तरी वाहिलं होतं. तिच्या छातीत इतका अभिमान दाटला की तो कुठं ठेवावा हे तिला कळेना. चेहऱ्यावर ठेवला तर दिसेल, म्हणून ती झाडाकडे पाहू लागली, पण तो दिसलाच.

बानो मात्र आता खुदुखुदु हसत होती. राग जितक्या झटक्यात आला तितक्याच झटक्यात गेला होता. “आयका हो सर,” तिनं हाक दिली, “तुमच्या मंडळाची डबलसीट म्या हाय. लिवून घ्या. ह्या म्याडमनं मला बसवून आनली.” मग हात पुढं करून चंद्रप्रभाला म्हणाली, “उठव मला.”

सायकलवरून उतरून तास होत आला होता, तरी ती ‘तू’ म्हणाली. चंद्रप्रभानं तिला हात दिला आणि उठवलं.

पंगत बसली. भाकरी, ठेचा, भात आणि बादलीभर खट्टी दाल. उद्धव सर अध्यक्षाच्या मानानं पहिल्या जागी बसले आणि सवयीनं आपल्या शेजारची सतरंजी थोपटत म्हणाले, “या मॅडम, बसा. तुम्ही आज मानकरी. बसा, पोरं वाढतील.”

मालविकानं बादली उचलली होती. चंद्रप्रभा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला. पोरीच्या ओठांवर नेहमीचे शब्द आलेले तिला दिसले: आई, तू बस. ते तिथंच अडखळले. मालविकानं बादलीची कडी आईच्या हातात दिली, वर डावही दिला, आणि स्वतः पंगतीत जाऊन मांडी घातली.

चंद्रप्रभा वाढत निघाली. पाऊल डावीकडे कललं की बादली कलायची, म्हणून तिनं ती उजव्या हातात घेतली आणि मग बादलीही ऐकायला लागली. नांदेडच्या मास्तरांना वाढलं, ताहेरभाईला वाढलं. मालविकाच्या भातावर दोन डाव जास्तच घातले. बानोपाशी आली तेव्हा बानो ताट पुढं धरून म्हणाली, “व्हडा, म्याडम, आता दाल बी तुमीच व्हडा.”

मग ती उद्धव सरांपुढं उभी राहिली. एक डाव घातला. दुसरा घातला. तिसऱ्याला दाल भाताच्या आळ्यातून बाहेर यायला लागली. सरांनी ताटावर हात आडवे धरले.

“बस, मॅडम, बस!”

“कोणतं बस, सर?” चंद्रप्रभानं शांतपणे विचारलं, आणि आणखी एक डाव घातला.